मायना, मजकूर आणि मुद्रा : ब्राउझरमध्ये घडणाऱ्या मराठी दस्तऐवजाची चिकित्सा

१

संगणकाच्या पडद्यावरील एखादा नमुना भरावा, तळाशी असलेली कळ दाबावी आणि क्षणार्धात वर्ड-प्रोसेसरमध्ये उघडणारा दस्तऐवज आपल्या यंत्रात उतरावा, ही क्रिया आता इतकी परिचयाची झाली आहे की तिच्याविषयी विचार करण्याचे कारण कोणास वाटत नाही. अर्ज, प्रतिज्ञापत्र, सर्वेक्षणाचा तक्ता, प्रबंधाचा आराखडा असे नाना प्रकारचे लेखन या वाटेने सिद्ध होते. यांतील पुष्कळसे काम पूर्वी दूरच्या सर्व्हरवर होत असे. आता ते वाचकाच्या समोरील ब्राउझरमध्येच उरकता येते. अभियंत्यांच्या दृष्टीने हा सोयीचा व वेगाचा प्रश्न आहे. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. एका ठिकाणी लिहिलेला मजकूर दुसऱ्या ठिकाणी प्रतरूपाने पोहोचताना त्याची संहिता अभंग राहते काय, आणि राहत नसेल तर ती कोठे व का भंगते, हे पाहणे पाठचिकित्सेचे कामच आहे. हस्तलिखितांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला जातो. यंत्राने केलेल्या प्रतींच्या बाबतीत तो विचारला जाऊ नये असे नाही.

प्रस्तुत लेखात या क्रियेची चिकित्सा नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील भाषाभ्यासाच्या संदर्भात केली आहे. दस्तऐवजाचे मायना, मजकूर आणि मुद्रा असे तीन घटक मानले, तर प्रचलित पद्धती मायन्याची काळजी अधिक घेतात, मुद्रेविषयी भ्रम निर्माण करतात आणि मजकुराकडे, विशेषतः मराठी मजकुराकडे, दुर्लक्ष करतात, असे दिसून येते.

२

ठरीव साच्यात बदलते तपशील भरून दस्तऐवज तयार करण्याची कल्पना नवी नाही. हेमाद्रीच्या नावाशी परंपरेने जोडलेली मेस्तके हे तिचे मराठी उदाहरण होय. कोणी कोणास कोणत्या मायन्याने लिहावे, दफ्तर कसे राखावे, याचे नियम त्यांत असत. गुजरातेतील ‘लेखपद्धति’ या संस्कृत संग्रहात तर करारपत्रे, दानपत्रे, खरेदीखते यांचे नमुनेच दिलेले आढळतात. लेखनिकाने नमुना घ्यावा, रिकाम्या जागी नाव, गाव, तिथी घालावी, एवढेच त्याचे काम. आजच्या आज्ञावलीत ‘टेम्प्लेट’ म्हणून जे ओळखले जाते, ते तत्त्वतः याहून निराळे नाही.

मराठवाड्यात या परंपरेला आणखी एक पैलू आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याची कैफियत उर्दूत उतरत असे, आणि ती उतरवणारा अर्जनवीस हा अर्जदार व सरकार यांच्यामधील अपरिहार्य दुवा होता. स्वतःच्या नावाने झालेला कागद अर्जदाराला स्वतः वाचता येत नसे, दुरुस्त करता येत नसे. त्यात काय लिहिले आहे याविषयी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागे. या स्थितीचा परिणाम त्या पिढीपुरता मर्यादित राहिला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी निर्माण झाली. कागद होते, परंतु ते वाचणारे थोडे होते. ज्या लिपीत नोंद झाली ती लिपी धारकाच्या हाताबाहेर गेली की नोंद असून नसल्यासारखी होते, हा धडा या प्रदेशाला निराळा शिकवण्याची आवश्यकता नाही.

३

ब्राउझरमध्ये घडणारा दस्तऐवज म्हणजे वस्तुतः काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. २००७ च्या वर्डपासून रूढ झालेला ‘डॉक्स’ हा प्रकार २००६ मध्ये एक्मा या संस्थेने व २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने प्रमाणित केला. बाहेरून एक दिसणारी ही फाईल आतून अनेक लहान फाईलींचे झिप पद्धतीने बांधलेले गाठोडे असते. एका भागात मजकूर, दुसऱ्यात शैलींची व्याख्या, तिसऱ्यात या भागांच्या परस्परसंबंधांची नोंद, आणि अगदी आरंभी कोणता भाग कोणत्या जातीचा आहे याची यादी. हे बहुतेक भाग एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेले असतात. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट आज्ञावली हे भाग स्मृतीत रचते, त्यांची मोट बांधते, त्या मोटेला ‘ब्लॉब’ नावाच्या वस्तूचे रूप देते, तिच्यासाठी तात्पुरता पत्ता निर्माण करते आणि त्या पत्त्याच्या दुव्यावर डाउनलोडची खूण ठेवून तो दुवा जणू वाचकानेच दाबला असे घडवून आणते. फाईल उतरल्यावर तो पत्ता रद्द केला जातो. या साऱ्या व्यवहारात मजकूर यंत्राबाहेर जाण्याचे कारण पडत नाही.

या रचनेतील एक गोष्ट टीकाकाराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. अशा फाईलीत पाने ठरलेली नसतात. कोणता परिच्छेद कोणत्या पृष्ठावर येईल हे वाचणाऱ्याच्या यंत्रातील वर्ड, तेथील फाँट व कागदाचे माप यांवर ठरते. म्हणूनच अनुक्रमणिकेतील पृष्ठांक ब्राउझरला स्वतः भरता येत नाहीत. त्या जागी ‘येथे पृष्ठांक काढावा’ अशी सूचना ठेवावी लागते आणि वर्डने ती नंतर अमलात आणावी लागते. नाट्यसमीक्षेतील परिचित भेद येथे लागू पडतो: ‘डॉक्स’ ही संहिता आहे, वर्डमध्ये दिसते तो तिचा प्रयोग. पीडीएफ हा या तुलनेत ठरून गेलेला प्रयोग होय. ब्राउझरमध्ये दस्तऐवज घडवणाऱ्याने आपण प्रयोग नव्हे तर संहिता लिहीत आहोत, हे विसरले की पुढील बहुतेक दोष उद्भवतात.

४

प्रचलित पद्धती स्थूलमानाने तीन आहेत.

पहिलीत वेबपृष्ठाचाच एचटीएमएल मजकूर घेऊन त्याला ‘डॉक’ असे आडनाव जोडले जाते. वर्ड उदारपणे ती फाईल उघडतो, म्हणून ही युक्ती लोकप्रिय झाली. परंतु ही फाईल नावापुरती वर्डची असते. ती पुष्कळदा छापील पानाऐवजी वेबपृष्ठाच्या मांडणीत उघडते. आडनाव ‘डॉक्स’ असे दिले तर वर्ड ती बिघडलेली म्हणून नाकारतो. आणि मोबाईलवरील वाचकसाधने ती उघडतीलच याची खात्री नसते. मराठीच्या बाबतीत याहून मोठा धोका आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. मजकूर त्या रूपात आहे अशी खूण फाईलीच्या आरंभी नसेल आणि वाचणारे साधन तो पाश्चात्त्य संकेतांनी वाचू लागले, तर एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हे उमटतात. इंग्रजी मजकुराला ही बाधा सहसा होत नाही. म्हणूनच इंग्रजी मजकुरावर तपासलेली आज्ञावली सदोष असल्याचे तिच्या कर्त्याला कळतही नाही.

दुसरी पद्धत मेस्तकाची. वर्डमध्ये आगाऊ नमुना तयार करावयाचा, त्यात महिरपी कंसांत ‘नाव’, ‘गाव’ अशा जागा राखावयाच्या आणि ब्राउझरने त्या भरावयाच्या. ‘डॉक्सटेम्प्लेटर’ हे साधन या जातीचे आहे. हिचा गुण असा की नमुन्याचे रूप ठरवण्याचा अधिकार आज्ञावली लिहिणाऱ्याकडे न राहता विभागातील कोणाही जाणत्या माणसाकडे येतो. त्यास वर्ड येणे पुरे. दोष असा की वर्ड एकाच सलग दिसणाऱ्या शब्दाचे आतल्या आत तुकडे करतो. कंस रोमन वर्गातला, शब्द देवनागरी. मध्ये शुद्धलेखन तपासणीची खूण. अशा कारणांनी कंसातील ‘नाव’ तीन तुकड्यांत विभागले जाते आणि साधा शोध-बदल करणाऱ्या आज्ञावलीला ते सापडतच नाही. चांगली साधने हे तुकडे जोडून घेतात. घाईने लिहिलेली घेत नाहीत.

तिसऱ्या पद्धतीत दस्तऐवजाचा प्रत्येक परिच्छेद, तक्ता, मथळा आज्ञावलीच रचते. ‘डॉक्स’ याच नावाचे खुले साधन त्यासाठी उपलब्ध आहे. श्रम अधिक, परंतु काय लिहिले जात आहे यावर पूर्ण ताबा राहतो. तक्त्यातील ओळींची संख्या आगाऊ माहीत नसते अशा सर्वेक्षणाच्या कामाला हीच पद्धत अधिक मानवते. तथापि ताबा मिळाल्याने जाण आपोआप येत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

५

नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात बोलीभाषांच्या अभ्यासाला विस्तृत वाव आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या बाजूस तेलुगूचा शेजार, उदगीर, निलंगा, देवणी या बाजूस कन्नडचा, आणि सर्वत्र उर्दू-दखनीचा संपर्क. समजा, देगलूर परिसरात एक विद्यार्थी व निलंगा परिसरात एक विद्यार्थिनी बोलीतील शब्द गोळा करीत आहेत. मोबाईलवरील नमुन्यात शब्द, अर्थ, संदर्भवाक्य, गाव व सांगणाऱ्याचे वय भरले जाते; पृष्ठ एकदा उघडून ठेवण्याची सोय केलेली असेल तर जाळे नसलेल्या गावीही काम चालते; आणि संध्याकाळी वर्डचा तक्ता उतरवून मार्गदर्शकाकडे जातो. मार्गदर्शक त्यात दुरुस्त्या सुचवतात. दस्तऐवज दुरुस्त करता यावा म्हणूनच तो वर्डचा हवा. पीडीएफ तेथे उपयोगी नाही. येथपर्यंत योजना निर्दोष आहे.

आता या तक्त्यातील एक शब्द घ्यावा: ‘दऱ्या’. डोंगरातील दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांतील भेद केवळ र-काराच्या रूपाने दाखवला जातो. युनिकोडमध्ये पहिल्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एकतर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, अथवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कळफलक निराळे असल्याने दोन संग्राहकांच्या नोंदी दिसावयास एक आणि संहितेत दोन होतात. देगलूरची नोंद निलंग्याच्या नोंदींत शोधली तर सापडत नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की पुष्कळ आज्ञावल्या मजकूर ‘स्वच्छ’ करण्याच्या हेतूने अदृश्य चिन्हे गाळून टाकतात. जोडचिन्ह गळाले की ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. हस्तलिखितांतील लेखकप्रमाद निदान लेखनिकाच्या थकव्याने अथवा अज्ञानाने घडत. हा प्रमाद व्यवस्थितपणे, प्रत्येक प्रतीत व एकाच ठिकाणी घडतो, आणि वाचणाऱ्यास तो प्रमाद न वाटता पाठ वाटतो.

‘ॲ’चीही गोष्ट तशीच. या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वी ‘अ’वर चंद्राकार देऊन ते साधले जाई आणि आजही साधले जाते. उर्दूतून आलेल्या शब्दांतील नुक्तायुक्त अक्षरेही दोन प्रकारे लिहिता येतात. नुक्त्याच्या बाबतीतील द्वैत युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमाने मिटते. अदृश्य जोडचिन्हाने लिहिलेल्या र-काराचे आणि जुन्या ‘ॲ’चे मिटत नाही. ते मिटवावयाचे तर आज्ञावलीत मराठीपुरता नियम घालावा लागतो, आणि तो नियम कोणता हे सांगणे मराठीच्या अभ्यासकाचे काम आहे, अभियंत्याचे नव्हे.

दुसरा प्रश्न रूपाचा. वर्डच्या अंतर्गत भाषेत रोमन व देवनागरी मजकुरांच्या फाँटांसाठी वेगवेगळे रकाने आहेत. देवनागरी ‘जटिल लिपी’च्या वर्गात मोडते, तिचा फाँट, तिचा आकार, तिचा ठळकपणा यांच्या खुणा स्वतंत्र द्याव्या लागतात. आकार अर्ध्या पॉइंटांत मोजतात. चौदा पॉइंटांचा मथळा हवा असेल तर २८ हा अंक रोमन व जटिल अशा दोन्ही रकान्यांत लिहिला पाहिजे. केवळ पहिला लिहिला तर त्याच मथळ्यातील इंग्रजी शब्द मोठा व ठळक, मराठी शब्द बारीक व फिका, असे दृश्य दिसते. फाँटाचे नाव दिले नाही तर वर्ड आपल्या मताने एखादा निवडतो. मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण केली नाही, तर शुद्धलेखन तपासणी भलत्याच भाषेच्या नियमाने होऊ शकते, आणि ज्या फाँटात मराठी वळणाच्या ल व श यांची तरतूद आहे त्यातही ती रूपे मिळण्याची शाश्वती राहत नाही. हे दोष डोळ्यांना खुपतात म्हणून त्यांची तक्रार होते. वस्तुतः ते उपरे आहेत. संहिता शाबूत असेल तर रूप केव्हाही सुधारता येते. पाठभेद मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते टिकतात.

रूपाच्या मोहाची परिसीमा जुन्या फाँटांत दिसते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीसाठी जे फाँट रूढ झाले, त्यांपैकी बहुतेकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाँट असेल तर पान देखणे. नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. महानुभावांच्या सकळ लिपीशी याची तुलना सुचते. माहूर हे नांदेड जिल्ह्यातील स्थान ज्या पंथाला पूज्य, त्याने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जतन केले, वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली तेव्हा ते ग्रंथ पंथाबाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले. भेद इतकाच की महानुभावांनी मजकूर जाणूनबुजून झाकला होता. जुन्या फाँटांत तो अजाणता झाकला गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. अशा फाँटात जुळवलेला प्रबंध संग्रहात असतो, पण त्यातील मराठी शब्द मराठीत शोधून सापडत नाही. आजही एखादी ब्राउझर-आज्ञावली जुन्या छापखान्याच्या आग्रहाखातर अशाच फाँटात दस्तऐवज उतरवून देत असेल, तर ती नव्या यंत्राने जुनी चूक अधिक वेगाने करीत आहे असेच म्हणावे लागते.

६

राहिला मुद्रेचा प्रश्न. ब्राउझरमध्ये दस्तऐवज तयार होतो याचा एक मोठा लाभ म्हणजे सांगणाऱ्याचे नाव, वय, जात, उत्पन्न असे खाजगी तपशील त्रयस्थाच्या सर्व्हरवर जात नाहीत. अर्थात आज्ञावली ते गुपचूप अन्यत्र पाठवीत नसेल तर. २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यानंतर या गुणाचे मोल वाढले आहे. बोलीच्या सर्वेक्षणात सांगणारी माणसे संग्राहकाच्या विश्वासावर बोलतात. तो विश्वास सांभाळण्यास ही पद्धत साह्य करते.

परंतु याच गुणाची दुसरी बाजू अशी की वाचकाच्या यंत्रात घडलेल्या कागदाला दुसऱ्या कोणाचीही साक्ष नसते. त्यातील प्रत्येक अक्षर धारकास बदलता येते. राज्य शासनाने २०१८ पासून उपलब्ध केलेला सात-बाराचा उतारा ग्राह्य ठरतो तो त्याच्या रूपामुळे नव्हे, त्यावरील डिजिटल स्वाक्षरीमुळे. आणि तशा स्वाक्षरीला आधार आहे तो २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचा. ब्राउझरने वर्डच्या कागदावर राजमुद्रेचे चित्र छापले म्हणून तो प्रमाण होत नाही. तो मसुदा असतो आणि मसुदाच राहतो. काही संकेतस्थळांवर अशा मसुद्यांना ‘प्रमाणपत्र’ म्हणण्याची जी प्रथा दिसते ती शब्दाचा अपप्रयोग तर आहेच, शिवाय भोळ्या अर्जदाराची दिशाभूल आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. सर्व्हरवर दस्तऐवज घडवला तर साधने एकसारखी राहतात, फाँट हाताशी असतात, मोठे प्रबंधही अडत नाहीत. ब्राउझरमध्ये वाचकाच्या यंत्राच्या स्मृतीची मर्यादा पडते. हा आक्षेप अंशतः खरा आहे. शेकडो छायाचित्रांसह मोठा ग्रंथ रचावयाचा असेल तर ब्राउझरचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. परंतु वर दाखवलेले पाठदोष सर्व्हरवरही तसेच घडतात. तेथे ते अधिक दूर, अधिक अदृश्य असतात इतकेच. दस्तऐवज कोठे घडला यापेक्षा त्याची संहिता कोणी तपासली हा प्रश्न अधिक मूलभूत आहे.

७

या विवेचनावरून मूल्यमापनाची एक कसोटी हाती येते. ब्राउझरमध्ये घडलेला मराठी दस्तऐवज उत्तम कोणता? जो उघडल्यावर सुंदर दिसतो तो नव्हे. ज्यातील मजकूर नमुन्यात भरलेल्या मजकुराशी चिन्हाचिन्हाने जुळतो, जो दुसऱ्या फाँटात व दुसऱ्या वर्ड-प्रोसेसरमध्ये उघडला तरी तोच राहतो, ज्यातील शब्द शोधता येतो, आणि ज्याचा धारक त्यातील चूक स्वतः दुरुस्त करू शकतो, तो उत्तम. ही कसोटी लावून पाहणे अवघड नाही. ‘दऱ्या’, ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’, ‘आचार्यांना’, ‘ॲ’, नुक्त्यासह ‘ख़’ अशा दहा-वीस शब्दांची परीक्षायादी करावी. ती प्रत्येक नव्या साधनातून एकदा उतरवून घ्यावी. उतरलेली फाईल पुन्हा वाचून मूळ यादीशी ताडून पाहावी. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हे प्रतीचे मूळाशी संवादन होय, आणि ते करण्यास मराठी विभागाइतका योग्य अधिकारी दुसरा नाही.

अर्जनवीस आपल्या अर्जदाराला निदान कागद वाचून दाखवत असे, आणि अर्जदार ‘असे नव्हे, तसे’ म्हणू शकत असे. ब्राउझर काही वाचून दाखवीत नाही. देगलूर अथवा निलंग्याच्या एखाद्या वृद्धेने सांगितलेला शब्द तक्त्यात निराळा उतरला, तर ते तिला कधी कळणार नाही. संग्राहकाने व मार्गदर्शकाने प्रत ताडून पाहिली नाही, तर तोच निराळा शब्द पुढे बोलीची साक्ष म्हणून उद्धृत होत राहील.